चोरून खणलेला वाफा

त्या हिवाळ्यात दहा-बारा दिवस मी रोज पहाटे नवऱ्याच्या वाट्याचं काम चोरून केलं. ते उठायच्या आत करायचं आणि केलेलं दिसणार नाही असं झाकून ठेवायचं. लपवाछपवी संसारात कोण करत नाही? माहेरी किती वेळ फोनवर बोललो, कपबशी कुणाच्या हातून फुटली, असलं सगळ्याच बाया लपवतात. पण जमीन खणून ती पुन्हा न खणल्यासारखी करून ठेवणारी मी एकटीच असेन. हे मी प्रेमापोटी केलं असं लोक म्हणतील. खरं सांगते, मी भीतीपोटी केलं. आणि नंतर नंतर तेही खरं राहिलं नाही.

आम्ही वाशीमला, गाव संपतं तिथल्या एका लेआउटमध्ये राहतो. हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा महिने होत नाहीत तोच एका सकाळी छाती धरून खाली बसले. अकोल्याला नेलं, दोन स्टेंट टाकले. सुटी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की चालायचं, हलकं काम करायचं, दम लागेल असं काही करायचं नाही आणि गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. एक लहान बाटली वेगळी दिली. छातीत दुखलं तर त्यातली गोळी जिभेखाली ठेवायची. एक बाटली यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची आणि दुसरी माझ्या पिको-फॉलच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, धाग्याच्या रिळांमध्ये. लाल रीळ काढायला हात घातला की बाटलीच हाताला लागायची.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोवर मी स्वतःला धीट समजत होते. दुपारी हे झोपले की मी दारातून सदरा वर-खाली होतो का ते बघायची. भाजी चिरताना कान त्यांच्याकडे, साडीला फॉल लावताना कान त्यांच्याकडे. खोकला आला की सुई बोटात जायची.

आणि ह्यांनी बोलणंच सोडलं होतं. तीस वर्षं ज्या माणसानं दिवसभर प्रवाशांशी हुज्जत घातली, त्यानं तीन महिने पुढच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघितलं. पुण्याहून मुलाचा रविवारी फोन आला की "हो" आणि "बरं" एवढंच. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं खायचे, पुन्हा खुर्चीत. एकदा मी टीव्ही लावून देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, आता मी घरातलं ठेवायचं सामान झालो, कुठंही ठेव. मी मोरीत जाऊन रडले आणि मग स्वतःचाच राग येऊन भांडी आपटत घासली.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. त्यानंतर एका सकाळी हे खुर्चीत नव्हते. पाहते तर घरामागच्या मोकळ्या जागेत उभे, हात कमरेवर. मला म्हणाले की इथं एक वाफा करू. मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, थोडा लसूण. कुदळ कुठं आहे?

तीन महिन्यांत ह्यांनी मागितलेली ती पहिली वस्तू होती. आणि मी काय केलं? मी तोंड सोडलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलात का, कुदळ म्हणजे हलकं काम का, मला पांढऱ्या कपाळानं फिरवायचं आहे का, असं वाट्टेल ते बोलले. हे पडवीत जाऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी अर्धी भाकरीसुद्धा खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मीच शेजारच्या आपांकडे गेले आणि त्यांच्या घराच्या बांधकामातली कुदळ मागून आणली. माझ्या हातानं आणून ह्यांच्यासमोर ठेवली. माणूस खुर्चीत बसून संपतो की कुदळ मारून, यातलं काय निवडायचं ते मला कळत नव्हतं. चेहरा उजळला तेवढं मात्र दिसलं.

ह्यांनी मन लावून आखणी केली. सुतळी ताणली, पांढरी फक्की टाकली. बारा फूट लांब, चार फूट रुंद. जमीन आमच्याकडची काळी, पण घर बांधताना तिच्यावर विटा रचल्या होत्या, ट्रॅक्टर फिरला होता. वरून दगडासारखी झाली होती. ह्यांचं बालपण शेतात गेलेलं, त्यामुळे शास्त्र सगळं ठाऊक. अशा जमिनीला आधी पाणी द्यायचं, मग एक-दीड दिवस थांबायचं. ओली असताना घाव घातला तर चिखल कुदळीला चिकटतो, वाळल्यावर घातला तर कुदळ उसळते. मधे एक वेळ अशी येते की माती ना चिकटते ना उसळते. त्याला वाफसा म्हणतात. ह्यांनी ठरवलं की रोज संध्याकाळी एकेका फुटाच्या पट्टीला पाणी सोडायचं आणि वाफसा येईल तशी सकाळी एक पट्टी खणायची. पंधरवड्यात वाफा तयार.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, मुठीत बाटली. ह्यांनी चार घाव घातले. पाचव्याला कुदळ वर नेली आणि तशीच खाली ठेवली. भिंतीला हात टेकवून उभे राहिले. ओठांचा रंग गेलेला. मी धावत गेले तर हातानंच थांब म्हणाले. थोड्या वेळानं उरलेलं उद्या करू म्हणाले आणि आत गेले. पडवीत नाही, पलंगावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी कुदळ उचलली.

मी केनवडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. पण आमच्याकडे बायांनी निंदायचं, वेचायचं. कुदळ आणि वखर पुरुषांच्या हातात. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात मी कुदळ धरली नव्हती. पहिला घाव पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडला. दुसरा भिंतीवर. मला वाटलं आता हे उठतील. पण ते पुढच्या खोलीत झोपायचे, गोळ्यांमुळे सातपर्यंत जाग यायची नाही, आणि ओल्या मातीत कुदळीचा आवाज तसा दबकाच येतो. मी अंगठे मागे घेतले आणि पुन्हा मारला. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. एक पट्टी खणायला दीड तास लागला. मग खरी कारागिरी सुरू. ढेकळं फोडायची, माती परत खड्ड्यात सारायची, वर पाय देऊन दाबायची, खराट्यानं सपाट करायची आणि वरून थोडं पाणी शिंपडायचं. उजाडेपर्यंत ती पट्टी कालच्यासारखी दिसायला हवी.

सकाळी चहा घेऊन हे मागे गेले. मी खिडकीत. पहिला घाव घातला आणि कुदळ निम्मी आत गेली. ह्यांनी कुदळीकडे बघितलं, मातीकडे बघितलं. दुसरा घाव, तिसरा. अर्ध्या तासात पट्टी झाली, तीही थांबत थांबत, गाणं गुणगुणत. आत येऊन मला म्हणाले की वाफसा काय बरोबर साधला बघ. वडील असंच करायचे. आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

शेतकऱ्याचा मुलगा कसा फसला, असं कुणी विचारेल. तीस वर्षं ज्या हातात तिकिटांची पेटी होती त्या हाताला मातीची आठवण धूसरच असणार. आणि शरीर परत येतंय असं वाटायला लागलं की माणूस उलटतपासणी करत नाही. मीही केली नसती.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला खणायला आवडायला लागलं. आवडायला म्हणजे किती, तर पहाटे गजर व्हायच्या आधी जाग यायची आणि आज कुठली पट्टी, याच विचारानं मी उठायची. बाहेर गारठा असायचा, पहिले दहा घाव अंग आखडलेलं. मग कमरेतून ऊब वर चढायची. मी साडी खोचून, ह्यांचा जुना खाकी शर्ट वर घालून खणायची. हळूहळू घाव कसा घालायचा ते कळलं. कुदळ हातानं मारायचीच नसते, वर नेऊन तिच्या वजनावर सोडायची. एकदा ते साधलं आणि हातभर लांबीचं ढेकूळ एका घावात आख्खं उलटलं. खालून काळीभोर, ओलसर माती, मध्ये एक गांडूळ अर्धं बाहेर. मी एकटीच हसले. माझ्या हातून काही इतकं मोठं कधी हललं नव्हतं. आयुष्यभर मी मशीनवर वाकून लोकांच्या साड्यांच्या कडा दुमडल्या. ही पाठ यासाठीही होती हे मला कुणी सांगितलंच नाही.

विटेचे तुकडे निघायचे, प्लास्टिकच्या गोणीच्या चिंध्या, एकदा गवंड्याची मोडकी थापी. वीट उचलताना खाली विंचू असेल या धास्तीनं मी आधी पायानं ढकलायची. एकदा खरंच निघाला, लहानसा, पिवळा. मी ओरडले नाही. ओरडले असते तर हे धावत आले असते, आणि विंचवापेक्षा मला त्यांच्या धावण्याची भीती जास्त होती. विंचू भिंतीकडे गेला, तो फटीत दिसेनासा झाल्यावर मी पुन्हा कुदळ घेतली. तेवढंही आवडलं.

चोरी एकाच माणसाला माहीत होती. शेजारच्या आपांना. त्या पहाटे फजरच्या नमाजला उठायच्या, त्यांच्या ओट्यावरून आमची मागची जागा दिसायची. त्यांच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे, माणसं कष्टाची. पहिले काही दिवस आपा बघून न बघितल्यासारखं करायच्या. मग एका सकाळी कुंपणाशी आल्या आणि माझे हात हातात घेऊन फोडांना काहीतरी तेल लावलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या शाबासकी देतील. त्यांनी बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाल्या, "तू त्यांचं काम हलकं नाही करून राह्यली. तू त्यांले सांगून राह्यली का ते बरे झाले. उद्या ते खरंच पैलवानावानी वागतीन, मंग काय करशीन?"

मी घरात आले आणि दिवसभर आपांवर चिडून राहिले. खरं बोलणाऱ्या माणसावर मी नेहमीच चिडते.

आणि हे तर दिवसेंदिवस फुलत होते. पडवीतली खुर्ची रिकामी राहायला लागली. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले. मुलाला फोनवर म्हणाले की तुझ्या बापानं नऊ फूट जमीन खणली, ये आणि बघ. मुलानं घाबरून मला फोन केला. मी त्याला काळजी करू नको म्हणाले, मी बघते. जेवताना हे माझ्याकडे बघून म्हणायचे की तूही आता टवटवीत दिसतेस. मी मान खाली घालून भाजी वाढायची.

बाराव्या दिवशी कपाटात टॉवेल ठेवताना गोळ्यांची पाकिटं हाती आली. मी मोजली. जितक्या उरायला हव्या होत्या त्यापेक्षा जास्त होत्या. पाच दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. मी पाकीट घेऊन गेले तर हे खजील न होता हसले. म्हणाले, त्या गोळ्यांनी सुस्ती येते, आणि आता काय गरज? आजारी माणूस इतकं खणतो का? आपांचे शब्द कानात वाजत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, गिळेपर्यंत समोर उभी राहिले, आणि खरं काही सांगितलं नाही. त्या चेहऱ्यावरचं हसू माझ्या हातानं पुसायची हिंमत झाली नाही. आणि दुसरंही होतं. सांगितलं असतं तर कुदळ हातातून गेली असती. ह्यांच्याही आणि माझ्याही.

शेवटच्या दोन पट्ट्या राहिल्या होत्या, भिंतीलगतच्या. तिथं गवंड्यांनी सिमेंट कालवलं होतं, त्याचा थर मातीवर बसलेला. मी घाव घालून बघितला होता, ठिणगीच उडाली. त्याला दोन-तीन पहाटा लागणार हे मला कळलं होतं. नेमकं तेव्हाच केनवडला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा आला. जाणं भाग होतं. ह्यांना प्रवास नको म्हणून मी एकटीच निघाले. निघताना बजावलं की दोन दिवस कुदळीला हात लावू नका, भिंतीजवळ अजून वाफसा आलेला नाही. बरं म्हणाले. सकाळच्या गाडीनं रिसोडला उतरून पुढची गाडी धरली. संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं.

साखरपुडा उरकला, पंगत बसायची होती. मी वाढायला पातेलं उचलणार तोच फोन वाजला. हे. आवाजात उत्साह मावत नव्हता. म्हणाले की घरी बसून कंटाळा आला, आज उरलेलं उरकून टाकतो, तू येशील तेव्हा वाफा तयार. मी नको म्हटलं. ते हसले. मी जोरात नको म्हटलं. ते म्हणाले, "अवं, माहा हात आता बसला. मले काई होत नाही."

मी मांडवाच्या मागे गेले, पाण्याच्या टाकीपाशी. सिमेंटचा थर, उसळणारी कुदळ आणि चुकवलेल्या गोळ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"ते माती मी खनली व्हती," मी म्हटलं. "रोज. तुमी उठाच्या आंधी. खनून दाबून ठिवत होती. भिताडापाशी मी खनलं नाही. तिथं हात लावू नका, तुमच्या पाया पडते."

पलीकडून मग, "काय म्हनतं?" एवढंच. आणि फोन कट.

मी पुन्हा लावला, वाजून वाजून बंद झाला. आपांना लावला तर त्यांच्या नवऱ्यानं उचलला, ते दुकानात होते, म्हणाले घरी निरोप धाडतो. निरोप कधी पोचेल ते देव जाणे. वहिनीला पोटात दुखतंय असं खोटंच सांगून मी न जेवता निघाले. रिसोडपर्यंत काळीपिवळी जीप मिळाली. तिथून वाशीमची बस. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मला वाशीम म्हणता येईना. बोटानं पुढे दाखवलं. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि काही न विचारता तिकीट फाडलं.

त्या तासाभरात मी ह्यांना मनात कितीदा मारलं आणि किती ठिकाणी. भिंतीशी. पलंगाशी. मोरीच्या दारात. मी हाही विचार केला की खरं सांगायला नको होतं, रागानं मुद्दामच खणतील. आणि मग हे की पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला स्वतःचा तिरस्कार वाटला, कारण मी मधल्या दिवसांत आनंदात होते. हे एका खोट्या ताकदीवर उभे होते, आणि ते खोटं रचताना मी गाणं म्हणत होते.

पुढचं दार उघडं होतं. खुर्ची रिकामी. मी चपला न काढता घरातून सरळ मागे गेले. हे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, पाय वाफ्यात पसरलेले, कुदळ मांडीवर आडवी. डोळे मिटलेले. आपा कुंपणापलीकडे पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या, मला बघून त्या घरात गेल्या. मी दारातच थांबले. पुढे पाऊल टाकलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. मी सदऱ्याकडे बघत राहिले.

"आली का," हे डोळे न उघडता म्हणाले.

मी त्यांच्याजवळ जाऊन धपकन बसले. ह्यांनी सांगितलं की माझं बोलणं त्यांना आधी खोटं वाटलं, मी घाबरवायला बोलते असं. म्हणून बघायला घाव घातला. कुदळ उसळली. दुसरा घातला. दहा घातले. छातीत दुखलं नाही पण डोळ्यांपुढे अंधारी आली, मग बसले आणि गोळी जिभेखाली ठेवली.

ह्यांनी कुदळ मांडीवरून काढून बाजूला ठेवली. मग विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. त्यांनी माझा हात घेतला, तळवा वर केला. फोड जाऊन तिथं घट्टे पडले होते. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी माझा हात असा बघितला नव्हता.

"तू इतकी खुश कायले दिसत होती मंग?" ते म्हणाले. "मले वाटे, मी बरा होऊन राह्यलो म्हनून. तुले खुश पाहून त मी रोज कुदय धरत होतो. नाही त तिसऱ्याच दिवशी सोडून देनार होतो."

मला काहीतरी गोड बोलता आलं असतं. तीस वर्षांच्या संसारात असली उत्तरं जिभेवर तयार असतात. पण दुपारी एकदा खरं बोलले होते आणि आता मागे फिरता येत नव्हतं.

"मले खनाले आवडते," मी म्हटलं.

ह्यांनी माझा हात सोडला, उठले, भिंतीला धरून आत गेले.

पुढचे दोन दिवस आमच्यात शब्द नव्हता. मला वाटलं, गेलं सगळं. हे पुन्हा पडवीत बसले. फक्त गोळ्या मात्र वेळेवर घेत होते, माझ्यासमोर, पाकीट मुद्दाम मोठा आवाज करत फोडून. तो राग होता, आणि त्या रागाचं मला बरंच वाटलं. खाली मान घालून बसलेला माणूस पाकीट असं फोडत नाही. पहाटे मी उठायची, मागच्या दारापर्यंत जायची आणि कुदळीला हात न लावता परत यायची. हात शिवशिवत होते. तेही मी देवाजवळ कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या उन्हात हे मागे आले. मी कपडे वाळत घालत होते. वाफ्याच्या काठावर उभे राहून त्यांनी आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"याच्यातलं माहं कोनतं?" त्यांनी विचारलं.

मी पिळलेलं धोतर तसंच दोरीवर टाकलं. दहा फूट भुसभुशीत माती समोर होती. अर्धं तुमचं, असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी त्यातली पट्टी न् पट्टी खणलीही होतीच, माझ्यामागून. पण ते तसं विचारत नव्हते. मी भिंतीकडे गेले आणि बोट दाखवलं. तिथं सिमेंटचा थर फुटला होता, दहा घावांचा, लहान परातीएवढा तुकडा. खालची काळी माती जेमतेम वीतभर वर आली होती.

हे तिथं खाली बसले. फुटलेल्या थराचे कपचे एकेक करून हातानं काढले, बाजूला रचले. माती बोटांनी चाळली. मग मला घरातून लसूण आणायला सांगितलं. पाकळ्या वेगळ्या केल्या, टोक वर ठेवून एकेक खोचली. नऊ बसल्या. दहावीला जागा नव्हती, ती त्यांनी मला परत दिली. "येवढं त माहं हाय," म्हणाले, आणि पाण्याचा पाईप मागितला.

त्यानंतर पडवीतली खुर्ची त्यांनी स्वतःच मागे आणली. उरलेली दीड पट्टी मी खणली, उजेडात, सगळ्या लेआउटला दिसेल अशी. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून थर आधी फोडला, मग कुदळ चालवली. मागच्या घरातली म्हातारी गच्चीवरून बघत होती, बघू दे. खुर्चीतून ह्यांच्या सूचना चालूच. अंगठे आत घे, कमरेतून वाक, एवढ्या वर कशाला नेतेस. दहा-बारा दिवस गुरू नसताना मी बारा फुटांतले दहा फूट खणले होते, पण ऐकून घेतलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी मधेच थांबून माती उगाच हातात घेऊन बसले. त्यात चोरी नव्हती. भीती मात्र होती तशीच होती.

अजूनही आहे. मेथीचे दोन तोडे झाले, सांबार बाजारातून आणावा लागत नाही, आणि मी पलीकडे दुसरा वाफा आखलाय, ह्याच्याहून मोठा. हे खुर्चीत बसतात, मी खणते. खणताना पाठ त्यांच्याकडे होते आणि ते दिसत नाहीत. मग दर पाच-सहा घावांनी मी काहीतरी विचारते. किती वाजले, दूधवाला येऊन गेला का, पालक घ्यायचा की मुळा. उत्तर आलं की पुढचा घाव घालते.